तळें बांधलें, पण पाणी कोठें गेलें?

श्रावणांत शिळासप्तमीला आपल्या आयाबहिणी जी कहाणी ऐकतात ती बहुतेकांस ठाऊक आहे. राजानें तळें बांधलें, तळ्याला पाणी लागेना; जलदेवतांनीं सुनेचा वडील मुलगा बळी मागितला; तो दिला तेव्हां तळें भरलें. पुढें सुनेच्या भक्तीनें मूल परत मिळालें, ही कहाणी सांगणाराची दया. पण या कहाणींत एक गोष्ट कोणीच विचारीत नाहीं. तें तळें कोणत्या मातींत खणलें होतें? पाळ घालतांना माती चोपली होती काय? राजानें देवतांस विचारलें, पण तळ खणतांना ज्या बेलदाराच्या कुदळीला मुरूम लागला त्याला विचारलें नाहीं. त्याला विचारलें असतें तर पोराच्या जिवावर बेततें ना.

आतां राजे गेले, पण तळीं बांधणें चालूच आहे, आणि तें चांगलेंच आहे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना निघाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा तळ्यास जास्तींत जास्त ५०,००० रुपये मिळत, आणि अस्तर घालावयाचें तर तें शेतकऱ्यानें पदरच्या पैशानें घालावें अशी अट होती. २४ एप्रिल २०२२ रोजीं 'अमृत सरोवर' जाहीर झालें. दर जिल्ह्यास ७५ तळीं, प्रत्येक तळें निदान एक एकराचें व सुमारें दहा हजार घनमीटर पाण्याचें. पाटी रंगते, झेंडा लागतो, फोटो निघतो. भाद्रपदांत तळें कांठोकांठ भरलेलें दिसतें. दिवाळी झाली कीं पाणी वीत वीत उतरूं लागतें, आणि पौषांत तळाला भेगा पडतात. मग गांवांत कुजबूज सुरू होते. कोणी म्हणतो जागेला दोष आहे, शांत करा. कोणी बकरें मागतो. ठेकेदार मात्र देवाचें नांव घेत नाहीं. तो म्हणतो, "कोंकणची जमीनच फुटकी, तिला आम्ही काय करणार?"

या शेवटच्या म्हणण्यांत अर्धें खरें आहे, म्हणूनच तें अधिक धोक्याचें आहे.

आमच्या अष्टमीच्या पुलाखालून कुंडलिका बारमाही वाहते. ती कांहीं आपल्या डोंगरांच्या पुण्याईनें नव्हे. मुळशीच्या धरणाचें पाणी भिऱ्याच्या वीजघरांतून खालीं उतरतें तें तिला मिळतें. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळांतल्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला तेंच हें धरण. पेण तालुक्यांतलें हेटवणें धरण नव्या मुंबईला पाणी देतें. तेव्हां नदीकांठच्या माणसाला उन्हाळ्याचा घोर कळत नाहीं, आणि मोठ्या धरणाच्या पाण्याची वाट डोंगरावर चढत नाहीं. वर डोंगरकुशीच्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांत आणि कुळवाड्यांच्या पाड्यांत फाल्गुन लागला कीं हंड्यांची रांग लागते. जेथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो तेथली ही गोष्ट आहे. त्या वाडीला स्वतःचें तळें हवें, आणि तें टिकणारें हवें.

आतां जमिनीकडे पाहूं. पेण-अलिबागच्या खारेपाटांत घराशेजारीं खणलेलीं तळीं आहेत. त्यांत लोक जिताडा वाढवितात. त्या तळ्यांचें पाणी असें पळून जात नाहीं, कारण तेथें खाडीच्या गाळाची चिकण माती खोलवर आहे. रोह्याच्या डोंगरउतारावर मात्र वरची वीतभर माती काढली कीं मुरूम लागतो, मुरमाखालीं भेगाळ काळा खडक, आणि माथ्यावर कोठें कोठें जांभा. जांभा म्हणजे जाळीचा दगड. चाळणींतून जावें तसें त्याच्यांतून पाणी जातें. मुरमाड, वाळूची किंवा सच्छिद्र खडकाची जागा शेततळ्यास निवडूं नये असें कृषिखात्याच्याच सूचनांत लिहिलेलें आहे. तरी तळें नेमकें तेथेंच होतें. कां? कारण खाचराची चिकण जमीन तळ्यासाठीं कोणी देत नाहीं, आणि वरकस माळ फुकट मिळतो. फुकटच्या जागेची किंमत मग पाण्यानें द्यावी लागते.

पण ठेकेदाराच्या म्हणण्याचें उरलेलें अर्धें खोटें आहे, आणि तें खोटें आहे हें सिद्ध करावयास इंजिनियर लागत नाहीं. याच फुटक्या जमिनींत आपण भात लावतों. नांगर घालून चिखलणी केली, बैलांच्या पायांनीं चिखल घोटला, म्हणजे त्याच जमिनींत खाचराचें पाणी उभें राहतें. म्हणजे जमिनीचीं भोकें बुजविण्याची विद्या आपल्या घरांत बापजाद्यांपासून आहे. यंत्रानें चार दिवसांत खड्डा काढून, कोरडी माती कांठावर लोटून, पाटी लावून निघून जाणाराला ती नाहीं इतकेंच.

तेव्हां आपलें तळें पाणी टाकीत असेल तर प्रथम देवाला, जमिनीला किंवा ठेकेदाराला, कोणालाच बोल न लावतां मोजणी करावी. तळ्यांत एक बांबू रोवा आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. कांठाजवळ उथळ पाण्यांत दगडावर एक बालदी ठेवा. तिच्यांत तळ्याच्या पातळीइतकेंच पाणी भरा आणि आंत खूण करा. पाऊस नसलेला आठवडा निवडा, आणि ढोरें-पोरें बालदी लवंडणार नाहींत असें पहा. आठ दिवसांनीं दोन्ही खुणा वाचा. बालदीचें पाणी उतरलें तें उन्हा-वाऱ्यानें नेलें. तळ्याचें त्याहून जितकें अधिक उतरलें तितकें जमिनींत किंवा पाळींतून गेलें. आपल्याकडे ऊन हिवाळ्यांत दिवसाला सुमारें तीन-चार मिलिमीटर व वैशाखांत सहा-सात मिलिमीटर पाणी नेतें. म्हणजे मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत साधारण कमरेइतकें पाणी सूर्यच पितो, आणि त्यावर कोणाचा इलाज नाहीं. दोन्ही मिळून उतार दिवसाला एक सेंटिमीटरच्या आंत असेल तर तळ्याला नांवें ठेवूं नयेत. पण वर सांगितलेल्या तीस मीटरच्या तळ्यांत एक सेंटिमीटर म्हणजे ९,००० लिटर पाणी होतें. तें दिवसाला पांच सेंटिमीटरांनीं उतरूं लागलें तर रोज ४५,००० लिटर जातें आणि तीन मीटरचें तळें दोन महिन्यांत कोरडें पडतें. हें गणित चौथीच्या मुलालाही करतां येतें. आमच्या शाळेच्या मुलांकडून आम्हीं एका तळ्यावर तें करविलें, तेव्हां पुस्तकांतल्या हौदाच्या उदाहरणांना कंटाळणारीं पोरें दुपारची सुटी विसरलीं.

आणखी एक गोष्ट आधीं पाहून घ्यावी. रात्रीं तळ्यावर कोणाची मोटार चालते काय? बांबूवरची खूण निजतांना व उजाडतांना वाचली कीं हा उलगडा होतो. सार्वजनिक पैशानें झालेल्या तळ्याचें पाणी एकाच्या कलिंगडांना जात असेल तर त्याला चिकण मातीचा लेप उपयोगी नाहीं. तेथें ग्रामसभेचा ठराव लागतो. तळें कोणाचें हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनीं आणि त्यांच्या हजारों बांधवांनीं ओंजळ भरून त्याचें उत्तर दिलेलें आहे.

मोटार नाहीं, ऊनही नाहीं, तरी पाणी जातें आहे असें ठरलें, तर वाट शोधावी. पाणी आपण होऊन वाट सांगतें. भरलेलें तळें भराभर उतरून एका ठराविक रेषेशीं येऊन थबकलें, तर भोक त्या रेषेच्या आसपास आहे असें समजावें. तेथें कांठाकांठानें फिरून पहा: मुठ्याचें बीळ, उंदराचें बीळ, कुजलेलें झाडाचें मूळ, सांडव्याच्या पाइपाची कड. पाइपाच्या भोंवतीं माती चोपली जात नाहीं, म्हणून पाणी पाइपाच्या आंतून जाण्याऐवजीं त्याच्या अंगाअंगानें जातें. न थबकतां एकाच चालीनें तळापर्यंत उतरलें, तर तळच फुटका आहे. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशीं पहाटे फेरी मारावी. सगळा माळ वाळलेला असतां एखादा पट्टा हिरवा दिसला, पाय रुतला, तर पाळीखालून पाणी चाललें आहे. याचें कारण बहुधा एकच असतें. पाळ घालण्याआधीं जागेवरचें गवत, मुळें व भुसभुशीत माती खरवडून, मधोमध पक्क्या थरापर्यंत चर खणून, त्या चरांत चिकण माती थरांनीं कुटावयाची असते. हा चर पाळीखालीं गाडला जातो, म्हणून तो खणला कीं नाहीं हें नंतर कोणाला दिसत नाहीं. बिलांत तो नेहमीं असतो. 'कोठें तरी पाणी मुरतें आहे' ही म्हण अशाच एखाद्या तळ्याच्या कांठीं निघाली असावी.

झिरपणारें पाणी हातांत घेऊन त्याचा रंग पाहण्यास चुकूं नये. पाणी नितळ असेल तर घाई नाहीं, सवड काढून दुरुस्ती करतां येते. पाणी गढूळ असेल तर तें पाळीच्या पोटांतली माती घेऊन चाललें आहे. भोक आंतून मोठें होत आहे. अशा वेळीं तळें ताबडतोब सांडव्यानें किंवा पंपानें उतरवावें आणि खालच्या घरांना सांगावें. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतलें तिवरें धरण फुटलें. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केलेली होती. निदान १९ माणसें प्राणास मुकलीं. त्या वेळचे जलसंधारण मंत्री म्हणाले कीं धरण खेकड्यांनीं फोडलें! मुठा बांध पोखरतो हें खाचर राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच तें पोर आषाढांत रोज बांधावरून फिरतें, आणि बीळ दिसलें कीं चिखलाचा गोळा ठोकतें. धरणावर फिरण्यासाठीं ज्याला पगार मिळत होता तो खेकडा नव्हता.

आतां उपाय. पहिला उपाय धीर हाच आहे. नव्या तळ्यांत पहिल्या दोन पावसाळ्यांत गढूळ पाणी येतें, त्याचा बारीक गाळ तळाच्या भोकांत बसतो आणि गळती कांहींशी आपोआप कमी होते. मोजणी दर वर्षीं केली तर हें दिसून येईल, आणि नाहक खर्च वांचेल. गळती फारशी नसेल तर पुढच्या पावसाच्या तोंडाशीं, तळाला थोडें पाणी असतांना, त्यांत नांगर घालून दोन-तीन वेळां चिखलणी करावी. म्हशी सोडून तुडवून घ्यावें. याला मजुरीपलीकडे खर्च नाहीं.

एवढ्यानें न भागल्यास चिकण मातीचा थर द्यावा. माती कोणती हें कुंभाराला विचारावें. त्याच्या बोटांइतकी मातीची पारख सरकारी प्रयोगशाळेच्या कागदाला क्वचितच असते. स्वतः पाहावयाचें तर माती भिजवून करंगळीएवढी वळी करा. ती मनगटाभोंवतीं वळतांना तुटली नाहीं, आणि त्याच मातीचा ओला गोळा बालदींत टाकला असतां दुसऱ्या दिवसापर्यंत विरघळला नाहीं, तर माती चांगली. थर निदान एक फूट जाड हवा, आणि तो एकदम न टाकतां अर्ध्या अर्ध्या फुटाचा करून चोपावा. चोपतांना मातीला ओल अशी असावी कीं मूठ आवळली तर लाडू व्हावा, पण तळहात भिजूं नये. आपल्या बायका अंगण करतांना जें करतात तेंच येथें मोठ्या प्रमाणावर करावयाचें आहे. तीस मीटरच्या तळ्याचा तळ व चारी बाजू धरल्या तर सुमारें ११० ब्रास चोपलेली माती लागते. हा आंकडा ऐकून छाती दडपेल, पण माती विकतच घ्यावी लागते असें नाहीं. जुन्या तलावांचा गाळ काढून शेतांत टाकण्यासाठीं २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना निघाली. तोच गाळ पारखून घेतल्यास तळ्याच्या तळाला उपयोगी पडतो.

येथें एक सावधगिरीची सूचना. जुन्या तळ्याचा गाळ काढतांना यंत्रवाल्याला मोकळें सोडूं नका. शेकडों वर्षांत गाळाचा जो तळ घट्ट बसला आहे तेंच त्या तळ्याचें अस्तर होय. खोली वाढविण्याच्या हव्यासानें तो फोडून मुरमापर्यंत गेलें कीं जन्मभर न आटलेलें तळें पुढच्या शिमग्याला कोरडें दिसतें. गाळाचा खालचा हातभर थर ठेवून काम थांबवावें.

बेंटोनाइट नांवाची फुगणारी माती कच्छ-राजस्थानकडून येते. ती चौरस मीटरला पांच ते दहा किलो, जागच्या मातींत मिसळून चोपतात. म्हणजे वरच्या तळ्यास पांच ते दहा टन लागेल. ज्या तळ्यांत बारमाही ओल राहते तेथें ती ठीक. दर उन्हाळ्यांत तळ उघडा पडत असेल तर ती तडकते, आणि खाऱ्या पाण्यांत ती नीट फुगत नाहीं. सिमेंटचा पातळ गिलावा तर मुळींच करूं नये. खालची जमीन हालली कीं तो फुटतो, आणि पैसे गेल्याचें दुःख गळतीहून मोठें होतें. राहिलें प्लास्टिक. पांचशें मायक्रॉनचा कागद पाणी खात्रीनें धरतो. पण त्याखालचे टोंकदार दगड वेंचले पाहिजेत, वरची कड कांठावर चर खणून गाडली पाहिजे, आणि ढोराला आंत उतरूं देतां कामा नये, कारण एका खुरानें सगळें काम वायां जातें. दुसरें, तो कागद ओला झाला म्हणजे माणसाला बाहेर येतां येत नाहीं. पाय घसरतो, हाताला धरावयास कांहीं नसतें. आपल्या राज्यांत अशा तळ्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यांत येतात. म्हणून ज्याला कुंपण घालणें आणि गांठी मारलेले दोर चारी बाजूंनीं आंत सोडून ठेवणें परवडत नाहीं त्यानें प्लास्टिकचें तळें करूंच नये. शाळेच्या वाटेवर तर नकोच नको.

आतां एक प्रश्न असा, कीं गेलेलें पाणी सगळेंच वायां गेलें काय? १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना जोतीरावांनीं सरकारला सांगितलें होतें कीं फौजेंतले व पोलिसांतले रिकामे हात लावून जागोजागीं तळीं-बंधारे घाला, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर महाराष्ट्रांत जे हजारों पाझर तलाव झाले त्यांचें कामच मुळीं गळणें हें आहे. तेव्हां तळें कोरडें पडलें म्हणून कपाळावर हात मारण्यापूर्वीं खालच्या विहिरींत डोकावावें. जी विहीर माघांत आटत असे ती चैत्रापर्यंत टिकली काय? झरा महिनाभर अधिक वाहिला काय? तसें असेल तर तळ्यानें आपलें काम केलें आहे. त्याला अस्तर घालणें म्हणजे विहिरीच्या तोंडचा घांस काढणें होय. पण हें बोलणें ठेकेदाराच्या तोंडीं जाऊं देऊं नये. साठवण तळ्याचें अंदाजपत्रक करून, साठवणीचे पैसे घेऊन, मग 'आमचा पाझर तलाव समजा' असें म्हणूं देणें हा शहाणपणा नव्हे. काम मंजूर होतांनाच साठवण कीं पाझर हें कागदावर लिहून घ्यावें, आणि विहिरीची मोजणी तळें होण्याच्या आधींच्या उन्हाळ्यापासून करावी. नाहीं तर तुलना कशाशीं करणार?

मागे राहिला कागद. ज्या गांवीं असें तळें झालें आहे तेथल्या लिहित्या-वाचत्या पोरांनीं २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचा अर्ज करून त्या कामाचें अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागवावी. त्यांत दोन ओळी शोधाव्या: पाळीखालचा चर किती खोल व किती लांब, आणि चिकण माती किती घनमीटर, कोठून आणली. दोन कोसांत जर चिकण मातीची खाण नाहीं आणि कागदावर शेंकडों घनमीटर माती आलेली असेल, तर तळें कोठें गळतें हें पाणी न पाहतांच कळतें. दोष दूर करण्याची मुदत करारांत लिहिलेली असते. ती संपण्याआधीं लेखी तक्रार द्यावी, तोंडी देऊं नये, आणि तक्रारीस बांबूवरच्या नोंदी जोडाव्या. पुढें होणाऱ्या तळ्यांसाठीं ग्रामसभेनें ठराव करावा कीं चर उघडा असतांना गांवच्या चार माणसांनीं, त्यांत एक कुंभार किंवा बेलदार व दोन बायका, तो डोळ्यांनीं पाहून सही केल्याशिवाय त्यावर माती पडूं नये. आणि बिलाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटून मार्गशीर्षांत खूण वाचल्यावर द्यावा.

यंदाची दिवाळी झाली कीं ज्यांच्या गांवीं नवें तळें आहे त्यांनीं आठ दिवसांची मोजणी करून ती आमच्याकडे पाठवावी. तळ्याची लांबी-रुंदी, बांबूवरचा उतार, बालदींतला उतार आणि खालच्या विहिरीचें पाणी, एवढे चार आंकडे पुरे आहेत. रोहा व पेण तालुक्यांतून येतील तितके आम्ही या पानावर गांवाच्या नांवासह छापूं.